प्रेत सापडलं नाही

१७ सप्टेंबर

ही डायरी खरं तर तारखांची. कुठल्या दिवशी कुठं प्रयोग, कुठं शूटिंग, गाडी किती वाजता येणार, एवढंच तिच्यात लिहायचं असतं. यंदा ऑगस्टच्या मध्यापासून पानं रिकामी आहेत आणि हिंगणघाटला संध्याकाळी माणसानं करण्यासारखं काही नाही. म्हणून वाक्यं लिहिते आहे.

मालिकेत मला मारलं त्याला महिना झाला. आईसाहेबांची गाडी घाटातून दरीत कोसळली, बंगल्यातल्या सगळ्यांनी आठवडाभर टाहो फोडला, पण प्रेत सापडलं नाही. बाहेरच्या माणसाला यातलं कळायचं नाही. आमच्या धंद्यात प्रेत सापडलं की नटी संपली. नाही सापडलं, तर लेखकानं दार किलकिलं ठेवलंय असं समजायचं. काजल नावाची एक मुलगी कथा ठरवणाऱ्यांत आहे. तिनं शेवटच्या दिवशी मला मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, दोन-तीन महिने फक्त. मग अशी री-एन्ट्री देऊ की लोक बघत राहतील. तुम्ही तेवढ्या तारखा मोकळ्या ठेवा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं रडणं मला लांबून ओळखू येतं, जन्मभर तेच केलं. हे खरं होतं.

मालाडच्या जागेचा करार संपलाच होता, म्हणून दादाकडे आले आहे. तात्पुरती. दादा बँकेतून निवृत्त, मोहिनीवहिनी शाळेतून. दोघं मला पाहुणीसारखं वागवतात. मागची खोली दिली आहे. वहिनीनं कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. मी बॅग उघडलेली नाही.

२२ सप्टेंबर

रोज आठला वहिनी टीव्ही लावते आणि आम्ही तिघं बसून माझा फोटो बघतो. मालिकेतल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलाय, चंदनाचा हार घालून. सून त्याच्याकडे बघून रडते, मुलगा त्याच्यापुढे शपथा घेतो. मी होते तेव्हा एका भागात माझी चार वाक्यं असत. आता प्रत्येक प्रसंगात मी आहे.

नायिका, वहिनी, आई, फोटो. आमच्यातल्या बहुतेक जणींचा रस्ता हाच. मी निदान सुरुवातीची वीस वर्षं नाटकात काढली. दौऱ्यांवर बसच्या मागच्या सीटवर झोपून, सकाळी उठून दुसऱ्या गावात पुन्हा तेच मरण तितक्याच ताकदीनं मरून दाखवलं. माझं नाव जाहिरातीत आधी यायचं आणि नायकाचं नंतर. मग गुडघे गेले आणि मालिका आल्या. मालिकेत बसून बोलता येतं.

काजलला विचारलं, प्रेत सापडलं नाही तर हार कशाला? तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला. घरच्यांना वाटतंय ना तुम्ही गेलात, म्हणून. प्रेक्षकांना खरं माहिती आहे. पटलं.

आज बाजारात भाजीवाल्या आनंदाबाईनं मला बघून हातातली तागडी खाली ठेवली. म्हणाली, "बाई, तुमी तं मेल्या होत्या न?" मी तिला समजावलं, की मेले नाही, प्रेत सापडलेलं नाही. तिनं जरा विचार केला. "मंग हार काऊन घातला?" मी अर्धा किलो वांगी जास्त घेतली.

३० सप्टेंबर

सुमीत नावाचा एक मास्तर आला होता. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि नाटकं बसवतो. राज्य स्पर्धेसाठी स्वतः एक लिहिलंय, 'सरकी'. त्यात देवकाबाई म्हणून एक म्हातारी आहे, कापसाच्या मिलमधली कामगार. मिल बंद पडते आणि ही बाई रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जाते, परत येते. दोन अंक हेच. भूमिका माझ्यासाठीच लिहिली म्हणाला. हे सगळे लेखक म्हणतात.

मी त्याला स्पष्ट विचारलं, बंद मिलवर रोज जाईल एवढी मूर्ख बाई असते का कुठं? तो म्हणाला, तिला कोणी सांगितलेलं नसतं, मॅडम. मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे, भोंगा वाजत नाही तेवढं कळत नाही? तो संहितेची पानं सारखी करायला लागला. वहिनी चहा घेऊन आली होती, तीही का कोण जाणे कपात बघत उभी राहिली.

नाही म्हणून सांगितलं. प्रयोग डिसेंबरात, आणि माझ्या तारखा अडकलेल्या आहेत.

४ ऑक्टोबर

गेले शेवटी. फक्त वाचनाला. मालिका डिसेंबराच्या आत सुरू झाली तर सोडीन, या अटीवर. सुमीत सगळ्याला हो म्हणाला. तालमी कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात असतात. मोसम सुरू झाला की कापूस येणार आणि आम्हाला तिथून उठावं लागणार. जमिनीवर मागच्या वर्षीचं रुईचं तूस अजून आहे, बसलं की साडीला चिकटतं.

सुनेच्या कामाला आकांक्षा म्हणून एक मुलगी आहे, सुमीतच्याच महाविद्यालयात शिकणारी, समुद्रपूरकडची. वडील शेती करतात. एसटीनं येते आणि शेवटच्या एसटीसाठी तालीम अर्धी टाकून पळते. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि जाताना पुन्हा पडली. आवाज चांगला, उभं राहायची अक्कल नाही. दोन्ही हात कुठं ठेवावे ते तिला कळत नाही, म्हणून ओढणीला पीळ घालत बसते. मी सांगितलं, हातांचं काही करायला नको, ते आहेत हे विसर. तिनं मान डोलावली आणि पुन्हा पीळ.

१३ ऑक्टोबर

आजचा दिवस वाईट. देवकाबाई वऱ्हाडीत बोलते आणि मला ते येईना. मी ज्या घरात वाढले तिथं आई हीच भाषा बोलायची. पण मुंबईत पहिल्याच तालमीला मी "मी आली" म्हटलं आणि सगळी कंपनी हसली होती. दिग्दर्शकानं जेवणाच्या सुट्टीत मला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, इतरांची करमणूक म्हणून. त्यानंतर वर्षभर आरशापुढे बसून मी जीभ घासली. इतकी घासली की पुढं पुण्याचे समीक्षक माझ्या उच्चारांचं कौतुक करायचे. आता सुमीत म्हणतो, मॅडम, जरा इथलं येऊ द्या.

आकांक्षानं मधेच तोंड उघडलं. म्हणाली, "ताई, तुमी लई शुद्ध बोलून राह्यल्या. देवकाबाई अशी नाई बोलत." मी तिला सगळ्यांसमोर झापलं. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी बोलायला शिकवू नये, असं काहीतरी. तिचा चेहरा पडला. मग ती माझ्या पायाशी येऊन बसली आणि पुढचा सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती. अशा मुलींना रागावलेलंच बरं असतं.

२ नोव्हेंबर

आज ते आलं. कसं ते सांगता येणार नाही. दादा मला घ्यायला लवकर आला होता आणि मागे कापसाच्या रिकाम्या पोत्यांवर बसला होता. पहिल्या अंकाच्या शेवटी देवकाबाईचं भाषण आहे. मी सुरू केलं, "मिल बंद झाली, मले कोनी सांगतलं नाई. मी डबा घेऊन गेलती. गेटावरचा मानूस म्हने, बाई, घरी जाय. मी म्हनलं, घरी काऊन जाऊ? माही ड्युटी आहे." आणि मला माझाच आवाज ओळखू येईना. खालच्या पट्टीत होता, जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. मी काहीच करत नव्हते. उजवा हात आपोआप पदराच्या टोकाला गेला आणि तिथली गाठ चाचपत राहिला.

संपलं. आकांक्षाच्या हातातली ओढणी सुटलेली होती, तिचे दोन्ही हात नुसते मांडीवर पडले होते. मी विंगेत, म्हणजे पोत्यांच्या थप्पीकडे वळले तर दादा जागेवर नव्हता. बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला हल्ली अ‍ॅसिडिटी होते. सबंध तालमीत एवढं एकच चांगलं झालं आणि तेवढंच त्याचं बघायचं राहिलं. 

कितीतरी वर्षांनी असं झालं. फार बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर

काजलला आठवडाभरात तीन निरोप पाठवले. एकाला अंगठा आला.

वहिनीला एकाएकी भक्ती सुचली आहे. दिवाळीनंतर आठ वाजले की कीर्तनाचं चॅनेल लावून बसते. मी मालिका लाव म्हटलं तर म्हणते, तिथं काय तेच ते चाललंय, हे बघा ना, बुवा छान सांगतात. दादाही डोळे मिटून ऐकतो, जो जन्मात कधी देवळात गेला नाही. या वयात माणसांना परलोक आठवतो खरा. मी खोलीत येऊन फोनवर बघायचा प्रयत्न केला, पण मागच्या खोलीत रेंज येत नाही.

१९ नोव्हेंबर

कापूस यायला लागला, गोदाम गेलं. आता तालमी नगरपालिकेच्या शाळेत. जाताना किराणा दुकानाच्या टीव्हीवर आमचा दिवाणखाना दिसला म्हणून थांबले. माझ्या खुर्चीत एक बाई बसली होती. जरीची साडी, चाव्यांचा जुडगा, आवाज टिपेचा. सगळे तिला मावशीसाहेब म्हणत होते. ही माझी मालिकेतली बहीण म्हणे. इतकी वर्षं मला बहीण असल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

 मग नीट विचार केला तर ही उत्तम गोष्ट आहे. मी परत येणार तेव्हा समोर टक्कर द्यायला कोणीतरी हवंच. नुसतं परत येण्यात नाट्य नसतं, आपली जागा घेतलेली असली पाहिजे. काजल हुशार आहे.

घरी येऊन वहिनीला हे सांगितलं. ती "हो, असं असेल" म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. पोळ्या आधीच झालेल्या होत्या.

२७ नोव्हेंबर

आला. फोन आला. काजलचा स्वतःचा. पाच ते दहा डिसेंबर मोकळे ठेवा, आईसाहेबांचा ट्रॅक परत उघडतोय, बाकी सेटवर बोलू. मी विचारलं, सीन काय आहे? ती म्हणाली, ताई, अजून लिहिताहेत, पण इमोशनल आहे, तुमच्याशिवाय होणार नाही. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

सुमीतच्या नाटकाचा प्रयोग आठ तारखेला, नागपुरात.

२८ नोव्हेंबर

तालमीला जाऊन सांगून टाकलं. अट आधीच ठरली होती, त्यामुळे माझ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. सुमीतनं तसं दाखवलंही नाही. एवढंच विचारलं की फक्त आठ तारीख बदलून मिळेल का, मी बोलू का त्यांच्याशी. मी हसले. हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक मी त्या सगळ्यांना बसवून समजावला. दिलेली तारीख म्हणजे दिलेला शब्द. तापात, सुतकात, कशातही आम्ही ती मोडत नाही. वडील गेले त्या दिवशी माझा प्रयोग होता आणि मी केला. मुलं ऐकत होती. मग त्यांच्यातल्या एकानं, प्रकाशयोजना करणाऱ्या तानबानं विचारलं, "पन ताई, आठ तारीख पैले आमाले देल्ली होती न?" मी म्हटलं, ती अटीवर होती.

देवकाबाई आता आकांक्षा करणार. तिला सगळी भाषणं पाठ आहेत. माझ्या जागाही पाठ आहेत, कुठं थांबते, कुठं मान वळवते. मी विचारलं, कधी केलंस हे? म्हणाली, तुमच्याकडे बघून बघून. तिला दोन तास बसवून घेतलं. पदराच्या गाठीचंही सांगितलं. ते तिनं लिहून घेतलं.

दादाला सांगितलं तेव्हा तो अंगणात पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "बघ बुवा. तुझं तुला ठाऊक." मग जरा वेळानं, "मी दोन तिकिटं काढून ठेवली होती नागपूरची." स्पर्धेची तिकिटं काय मिळतील ढिगानं, त्याचं एवढं काय. वर्ध्याहून माझ्या गाडीचं आरक्षण मीच केलं. प्रॉडक्शनवाले नंतर देतील.

८ डिसेंबर, मुंबई

मेकअप रूममधून लिहिते आहे. आईसाहेबांची खोली आता मावशीसाहेबांची आहे, म्हणून मला कॉलेजकुमारांच्या खोलीत बसवलंय. पाच, सहा, सात हॉटेलवर बसून काढले. आज दुपारी गाडी आली.

सीन सेटवरच हातात मिळतो, आता सगळीकडे तसंच असतं. माझा कागद एकच होता. दवाखान्याचं शवागार. मुलगा येतो, पांढरी चादर बाजूला करतो, आईचा चेहरा दिसतो. प्रेत सापडतं.

वाक्य नाही.

मी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. काजल आली, मिठी मारली, म्हणाली, ताई, चॅनेलचा निर्णय आहे, मावशीसाहेबांचा ट्रॅक चाललाय फार, लोकांना क्लोजर पाहिजे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आजही खरंच होतं. या मुलीला कोणासाठीही खरं रडता येतं, ही तिची नोकरी आहे आणि हे मला आधी ओळखता यायला हवं होतं.

निघून का नाही गेले? तारीख दिली होती.

लोखंडी टेबलावर झोपले. चेहऱ्याला निळसर रंग लावला होता. प्रकाशवाले दिवे फिरवत होते, मुलाचं काम करणारा मुलगा फोनवर कोणाशी तरी जेवणाचं बोलत होता. घड्याळात सात वाजलेले मी झोपताना बघितले होते. सातला नागपुरात तिसरी घंटा. चादर ओढली आणि आत पांढरं पांढरं झालं, आणि मी मनात सुरू केलं. ठरवलं नव्हतं. आत्ता पडदा उघडला. आत्ता ती चुलीपाशी. आत्ता डबा भरते. आता मिल बंद झाली, मले कोनी सांगतलं नाई. मी डबा घेऊन गेलती.

"कट."

दिग्दर्शक पोरगेलासा होता. जवळ येऊन वाकला, अदबीनं म्हणाला, "मॅडम, ओठ हलतायत."

पुन्हा घेतलं. पुन्हा हलले. तिसऱ्या वेळेला मी दातांखाली जीभ धरून पडून राहिले. मग जमलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईसाहेबांचा शेवटचा शॉट म्हणून. केकही आणला होता.

११ डिसेंबर

परत हिंगणघाट. दादा-वहिनी नागपूरला जाऊन आले. आणखी एक तिकीट काढून आनंदाबाईलाही घेऊन गेले. मी विचारलं, कसं झालं? दादा म्हणाला, छान करते पोरगी. आणि अंघोळीला गेला.

वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते. त्या दिवशी तालमीहून आल्यावर हे जेवलेच नाहीत. सासूबाई डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या म्हणाले, पदराची गाठ चाचपायची सवयसुद्धा. नागपूरला त्यासाठीच निघाले होते." मी म्हटलं, मग? गाठीचं तर मी तिला शिकवलं होतं. "पोरगी गाठ चाचपत होती," वहिनी म्हणाली. "पण आई नाही दिसली म्हणाले."

म्हणजे अ‍ॅसिडिटी नव्हती.

मी खोलीत आले. बॅग उघडली आणि कपडे कपाटात लावले. दोन्ही कप्पे भरले.

२० डिसेंबर

निकाल लागला. नाटक पहिलं, आणि अभिनयाचं रौप्यपदक आकांक्षाला. आज पेढे घेऊन आली. दारातच पाया पडली. पदक रुमालात बांधून आणलं होतं. मी ते हातात घेतलं. माझंही याच स्पर्धेतलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी, ते घेऊनच मी मुंबईची गाडी पकडली होती. कुठल्या तरी बिऱ्हाडात राहिलं.

चहा होईपर्यंत ती नाटकाबद्दल थोडं बोलली. दुसऱ्या अंकात एकदा अडखळली, पण कोणाला कळलं नाही. मग तिचा चेहरा उजळला. प्रेताचा भाग काल लागला होता, तिच्या घरी सगळ्यांनी बघितला होता. "ताई, तुमी किती भारी केलं. माही आजी तं रडलीच. श्वास पन दिसला नाई तुमचा. कसं केलं ते?"

मी म्हटलं, सरावानं होतं.

ती खुर्चीत पुढे सरकली. ओढणीला पीळ घालायला लागली, पूर्वीसारखाच. म्हणाली, "त्या काजल मॅडमचा नंबर द्या न ताई. मले मुंबईले जायचं आहे. छोटंसं पन काम चालते मले."

नाही म्हणाले. तिनं विचारलं, "काऊन?" आता सांगायला हवं होतं. तो कागद, ते टेबल, जीभ दातांखाली धरलेली, त्या वेळी ती नागपुरात कुठल्या वाक्यावर होती ते. तोंडापर्यंत आलं. पण जिला मी काल भारी वाटले तिला हे काय सांगायचं? आणि खरं लिहायचं तर पदक हातात जड लागत होतं, आणि मी ते अजून परत दिलं नव्हतं. म्हणून म्हटलं, आधी परीक्षा दे, मग बघू.

ती माझ्याकडे बघत राहिली. तालमीत बघायची तसंच, बारकाईनं, सगळं उचलून घेत. मग तिला काय ते कळलं. तिला वाटलं म्हातारी जळते. जळतेच आहे, पण नंबर न देण्याचं कारण ते नाही, आणि हे दोन्ही एकदम कोणाला समजावता येत नाही.

"हो ताई," म्हणाली. पदक माझ्या हातातून घेतलं, रुमालात बांधलं, वहिनीला "येतो" म्हणाली आणि चपला घातल्या. जाताना पाया पडली नाही.